चारचौघांत हसू का येत नाही? चेहऱ्यावरचे भाव समजून घेऊया



शाळेतला ग्रुप फोटोचा दिवस आठवा. फोटोग्राफर "स्माईल प्लीज" म्हणतो आणि चाळीस-पन्नास चेहऱ्यांवर एकदम हसू येतं. पण दोन-तीन चेहरे तसेच राहतात. कुणी ओठ घट्ट मिटलेले असतात, तर कुणी दात दाखवलेले असतात पण डोळे मात्र घाबरलेले. फोटो हातात आला की चेष्टा सुरू होते, "हा बघ, एरंडेल प्यायल्यासारखा!"

ही चेष्टा फोटोपुरती राहिली असती तर एक वेळ चाललं असतं. पण बक्षीस घेताना मुलीचा चेहरा कोरा राहिला, तर लोक म्हणतात "हिला आनंदच नाही." पाहुण्यांसमोर हसली नाही, तर "शिष्ट आहे." कुणाच्या दुःखात चेहऱ्यावर काही दिसलं नाही, तर "दगड आहे नुसता." घुमी, सुतकी, चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलत नाही... अशी नावं ठेवायला आपण मागेपुढे पाहत नाही. हे ऐकत वाढलेलं मूल हळूहळू स्वतःच मानू लागतं की आपल्यातच काहीतरी कमी आहे.

गंमत म्हणजे हीच मुलगी घरी धाकट्या भावाबरोबर पोट दुखेपर्यंत हसत असते. म्हणजे हसू तिच्याकडे आहे. मग चारचौघांत ते जातं कुठे?

हसू तयार कसं होतं?

मेंदूतून निघणाऱ्या चेतांच्या १२ जोड्यांपैकी सातवी जोडी चेहऱ्याच्या स्नायूंना हलवते. हसण्याचं मुख्य काम दोन स्नायू करतात. एक स्नायू गालाच्या हाडापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत जातो. तो आखडला की ओठांचे कोपरे वर ओढले जातात. दुसरा स्नायू डोळ्याभोवती गोल असतो. तो आखडला की गाल वर सरकतात, डोळे किंचित बारीक होतात आणि डोळ्यांच्या कडेला बारीक सुरकुत्या पडतात.

ग्योम द्युशेन या फ्रेंच डॉक्टरांनी चेहऱ्याच्या एकेका स्नायूला विजेचा सौम्य झटका देऊन कोणत्या स्नायूने कोणता भाव उमटतो याचा अभ्यास केला. त्यावरचं त्यांचं पुस्तक १८६२ साली आलं. त्यांच्या लक्षात आलं की ओठांचा स्नायू आपलं ऐकतो, पण डोळ्याभोवतीचा स्नायू सहजासहजी ऐकत नाही. तो खऱ्या आनंदाच्या वेळी आपोआप हलतो. चार्ल्स डार्विन यांनीही १८७२ मध्ये भावनांच्या आविष्कारावर लिहिलेल्या पुस्तकात द्युशेन यांच्या छायाचित्रांचा उपयोग केला. डोळ्यांपर्यंत पोहोचणाऱ्या हसण्याला आजही 'द्युशेन स्मित' म्हणतात. काही जणांना डोळ्याभोवतीचा स्नायूही ठरवून हलवता येतो. त्यामुळे 'डोळे हसले की खरं, नाहीतर खोटं' असा पक्का नियम मात्र करता येत नाही.

हसू कुणी शिकवावं लागत नाही. बाळ साधारण सहा ते आठ आठवड्यांचं झालं की माणसाकडे बघून हसायला लागतं. जन्मापासून दृष्टी नसलेली बाळंही हसतात, आणि त्यांनी तर कुणाचंच हसू पाहिलेलं नसतं.

एकच चेहरा, दोन वाटा

आता मुख्य मुद्दा. चेहऱ्यापर्यंत हसू दोन वेगवेगळ्या वाटांनी येतं. 'आता हसायचं' असं आपण ठरवतो, तेव्हा मेंदूच्या वरच्या थरातला हालचालींवर ताबा ठेवणारा भाग हुकूम सोडतो. विनोद ऐकून खुदकन हसू फुटतं, तेव्हा सुरुवात मेंदूच्या आतल्या, भावनांशी जोडलेल्या भागांतून होते.

याचा पुरावा डॉक्टरांना रुग्णांमध्ये दिसतो. मेंदूच्या एका बाजूला इजा झालेल्या काही रुग्णांना "हसून दाखवा" म्हटलं तर तोंड एकाच बाजूला वर जातं. पण नातवाने काही गंमत केली की तोच माणूस दोन्ही बाजूंनी छान हसतो! काही रुग्णांत अगदी उलटं होतं. सांगितल्यावर नीट हसता येतं, पण मनापासून येणारं हसू एका बाजूला उमटत नाही.

याचा अर्थ काय? "जरा हस की" असं सांगितलं, की आपण समोरच्याला दुसऱ्याच वाटेने जायला लावतो. त्या वाटेने ओठ वर जातील, पण मनातला आनंद त्याच वेळी बरोबर येईलच असं नाही.

आपल्याकडे भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात ही अडचण फार पूर्वीच ओळखलेली दिसते. हातवारे आणि बोलणं यांबरोबर तिथे 'सात्त्विक' अभिनय वेगळा मानला आहे. घाम, रोमांच, आवाज फुटणे, कंप, अश्रू अशा आठ गोष्टी त्यात येतात. त्या नुसत्या हुकमाने येत नाहीत, त्यासाठी मन एकाग्र व्हावं लागतं. त्याच ग्रंथात हास्याचे सहा प्रकारही दिले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. यातलं पहिलं, स्मित, म्हणजे दात न दिसता गाल किंचित फुलणं, आणि ते उत्तम प्रकृतीच्या माणसांचं मानलं आहे. म्हणजे गालातल्या गालात हसणारं मूल 'कमी' हसतं असं म्हणायचं काही कारण नाही.

मग लोकांसमोरच असं का होतं?

समजा, नववीतली एक मुलगी परिपाठात सुविचार सांगायला उभी आहे. तिच्या मनात काय चाललंय बघा: 'सगळे माझ्याकडे बघतायत. माझा चेहरा कसा दिसतोय? हसू का? जास्त हसले तर? ओठ थरथरतायत का?' तिचं सगळं लक्ष स्वतःच्या चेहऱ्यावर लागलेलं आहे. समोरची मैत्रीण डोळ्यांनी 'छान' म्हणतेय, ते तिला दिसतच नाही. आणि हसू तर समोरच्याकडे बघूनच येतं! बाहेरचं काही आतच आलं नाही, तर चेहऱ्यावर उमटणार काय?

सायकल चालवताना पाय कसे फिरतायत याचाच विचार केला की तोल जातो, तसंच हे आहे. आपोआप होणाऱ्या कामावर पहारा बसवला की ते काम अडखळतं.

त्यातच भीतीने जबडा, मान, खांदे ताठ होतात आणि चेहरा आखडतो. मग तो चेहरा लपवण्यासाठी मूल खाली बघतं, तोंडावर हात धरतं, मागच्या बाकावर जाऊन बसतं. समोरच्याला वाटतं, 'याला माझ्याशी बोलायचं नाही.' तोही हसत नाही. मुलाला वाटतं, 'बघा, मी कुणालाच आवडत नाही.' चक्र पूर्ण झालं. यात कुणाच्याच मनात वाईट नव्हतं, पण दोघेही दुखावले गेले.

लोक आपल्याकडे आपल्याला वाटतं तितकं बघत नसतात, हेही लक्षात ठेवा. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून एका खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं, खोलीतल्या जवळजवळ निम्म्या लोकांनी टी-शर्टवरचं चित्र ओळखलं असेल. प्रत्यक्षात सुमारे पाव लोकांनीच ते ओळखलं होतं.

कारणं आणखीही असतात

प्रत्येक वेळी भीती हेच कारण नसतं.

१) घरचं वळण: "दात काढू नकोस", "मुलीच्या जातीने एवढं हसू नये" हे लहानपणापासून ऐकलं की चेहरा आवरण्याची सवय लागते. नंतर तोच चेहरा मुलाखतीत मोकळा होईल अशी अपेक्षा कशी करायची?

२) दात: यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतल्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं. दात तयार होण्याच्या वयात असं पाणी पोटात गेलं तर दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि घासून ते जात नाहीत. तोंडावर हात धरून हसणारं मूल कदाचित एवढंच लपवत असेल.

३) स्वभावाची जडणघडण: स्वमग्न मुलांचे हावभाव इतरांपेक्षा वेगळे असू शकतात. त्यांचा आनंद हातांच्या हालचालीत किंवा आवडत्या विषयावरच्या बोलण्यात दिसतो. मोबियस सिंड्रोम या दुर्मीळ जन्मजात स्थितीत चेहऱ्याचे स्नायू हलत नाहीत, मन मात्र आपल्यासारखंच असतं.

४) आजार: पार्किन्सनमध्ये आजी-आजोबांचा चेहरा मुखवट्यासारखा स्थिर होतो. 'बाबा हल्ली चिडलेलेच असतात' असं घरच्यांना वाटतं, पण ते चिडलेले नसतात. नैराश्यातही चेहऱ्यावरचे भाव कमी होतात.

विद्यार्थ्यांनो, हे करून बघा

• हसायचं आहे, हे डोक्यातून काढा. समोरच्या माणसाबद्दल एक गोष्ट शोधा. त्याने काय सांगितलं? त्याच्या आवाजात काय आहे? लक्ष बाहेर गेलं की चेहरा आपलं काम करू लागतो.

• चेहऱ्याने सांगता येत नसेल तर तोंडाने सांगा. "मला खूप आनंद झाला", "ऐकून वाईट वाटलं", "तुझी भेट आवडली." एवढ्या एका वाक्याने बरेच गैरसमज टळतात.

• सुरुवात एका माणसापासून करा. रोज भेटणारे शिपाईकाका, दुकानदार किंवा बाकावरची मैत्रीण. नजर, किंचित मान हलवणं आणि "काय म्हणता?" एवढं पुरे. हसू आलं तर आलं.

• तोंडावर धरलेला हात आणि खाली घातलेली मान, यांतली एक सवय दिवसातून एकदाच सोडून बघा. काय बिघडलं? बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही, हे स्वतः अनुभवलं की भीती ओसरते.

• आरशासमोर तासन् तास हसण्याचा सराव करू नका. त्याने स्वतःवरचा पहारा आणखी कडक होतो.

शिक्षक आणि पालकांसाठी

• भर वर्गात "अगं, जरा हस की!" म्हणू नका. सगळ्या वर्गाचे डोळे तिच्याकडे वळतात, आणि अडचण तर नेमकी तिथेच आहे.

• चेहऱ्यावरून टोपणनाव पडलं असेल तर ते आपण स्वतः कधीही वापरू नका आणि मुलांनाही वापरू देऊ नका.

• तोंडी परीक्षेत उत्तर कसं आहे ते बघा. कविता वाचनात हावभावांना गुण असतील तर आवाजाचा चढउतारही मोजा.

• अशा मुलांना आधी जोडीने काम द्या, मग चौघांत, मग वर्गापुढे. हातात काम असलं, म्हणजे प्रयोग, रांगोळी, खो-खो, की ती स्वतःला विसरतात, आणि तेव्हा त्यांचा चेहरा बघा!

• अर्थ लावण्याआधी विचारा. "तुला आवडलं नाही का?" यापेक्षा "तुला कसं वाटलं?" हा प्रश्न बरा.

मदत कधी घ्यावी?

चेहऱ्याची एक बाजू अचानक लुळी पडली, बोलणं अडखळलं किंवा हात-पाय कमजोर झाला, तर वेळ न घालवता रुग्णालयात जा. तो पक्षाघात असू शकतो. आधी हसणारं-खेळणारं मूल काही आठवडे गप्प राहत असेल, खाणं-झोप बिघडली असेल किंवा लोकांच्या भीतीने शाळाच टाळत असेल, तर समुपदेशक किंवा डॉक्टरांशी बोला. सरकारच्या टेली-मानस सेवेत १४४१६ या क्रमांकावर फोन करून मोफत बोलता येतं.

थोडक्यात काय?

'चेहरा हा मनाचा आरसा' असं आपण निबंधात हमखास लिहितो. ते अर्धंच खरं आहे. आरशावर कधी भीतीची वाफ धरते, कधी सवयीची धूळ बसते, आणि काही जणांना तर तो आरसा जन्मतःच वेगळा मिळालेला असतो. आरशात काही दिसलं नाही म्हणून घरात कुणी नाही असं आपण म्हणतो का? दार वाजवतो, हाक मारतो, थोडं थांबतो. न हसणाऱ्या माणसाच्या बाबतीत एवढंच करायचं असतं.

स्वाध्याय: तुमच्या वर्गातल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्या मुलाला किंवा मुलीला सर्वांत जास्त काय आवडतं, हे या आठवड्यात शोधून काढा. विचारून नव्हे, बरोबर राहून. पाच ओळींत वहीत लिहा. ही वही कुणाला दाखवायची नाही.