झाडाचे दुखणे मुळाशी, लक्षण शेंड्याला

शहरातील मोठे झाड वादळात कोसळले की दोष वाऱ्यावर जातो. पडलेल्या झाडाची मुळे मात्र पुष्कळदा निराळेच सांगतात. एका अंगाची मुळे कधीकाळी चर खणताना तुटलेली असतात, दुसऱ्या अंगाची काळी पडून कुजलेली, आणि बुंध्याभोवती फरशी घट्ट आवळलेली. इंदूरचे विजय नगर या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. इंदूर विकास प्राधिकरणाच्या योजना क्रमांक ५४ मधून उभी राहिलेली ही वसाहत. कडुनिंब, गुलमोहर, सप्तपर्णी ही तिथल्या रस्त्यांवरची नेहमीची मंडळी. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून वर्षानुवर्षे अग्रस्थान टिकवणाऱ्या या शहरात धूळ उडू नये म्हणून रस्त्याची कड फरशीने बंद करण्याकडे कल राहिला, तो समजण्याजोगाच आहे. गोव्यातील शहरेही त्याच वाटेने निघाली असल्याने तेथील झाडांची प्रकृती आपणही तपासून पाहावी.

झाडाला पाणी आणि अन्न पुरवणारी बारीक मुळे बहुतांशी मातीच्या वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि ती पर्णसंभाराच्या घेराबाहेरही बरीच दूर पसरतात. त्यांना पाण्याइतकीच हवाही लागते. माळव्याची काळी माती पावसात फुगून चिकट होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. या भेगा बारीक मुळे तोडतात. त्यावर फरशी आली की पाणी मुरत नाही, हवा खेळत नाही. झाड लगेच मरत नाही, साठवलेल्या अन्नावर काही वर्षे काढते. मग पाने लहान येऊ लागतात, फांद्यांची टोके वाळतात आणि शेंडा उघडा पडतो. तोवर चर कोणी खणला होता, हे सारेच विसरलेले असतात.

तथापि निदानापूर्वी ऋतू पाहावा. फाल्गुनात पाने गाळणारा कडुनिंब किंवा उन्हाळ्याच्या तोंडावर निष्पर्ण झालेला गुलमोहर आजारी नसतो. शंका आल्यास कोवळ्या फांदीची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवे व ओलसर दिसले तर फांदी जिवंत आहे. शेजारच्या त्याच जातीच्या झाडाशी तुलना करणे हीदेखील स्वस्त आणि भरवशाची चाचणी. वाळणे एकाच फांदीपुरते असेल तर खोडकिडा किंवा जखम शोधावी; सारा शेंडाच ओसरत असेल तर जमिनीकडे वळावे.

पाने पिवळी, पण शिरा हिरव्या, असे दिसले तर बहुधा लोहाची कमतरता असते. माळव्यातील चुनखडीयुक्त मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. आपल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत ही तक्रार क्वचितच आढळेल. म्हणजे एकाच लक्षणावर इंदूरचा उपाय पणजीत लागू पडेलच असे नाही.

किडींचे तसे नाही, त्या राज्यांच्या सीमा मानत नाहीत. मुंबईतील अनेक पर्जन्यवृक्ष पिठ्या ढेकणाच्या प्रादुर्भावाने वाळले. तेलंगणात २०२१ च्या सुमारास कडुनिंबाचे शेंडे मोठ्या प्रमाणावर करपले. त्यामागे एक बुरशी होती आणि तिच्या साथीला ‘टी मॉस्किटो बग’ हा कीटक. काजू बागायतदारांना त्याची वेगळी ओळख करून द्यायला नको. मोहोर जाळणारा ढेकण्या तो हाच. अशा रोगात करपलेल्या फांद्या खालच्या निरोगी भागापर्यंत छाटून नष्ट करणे ही पहिली पायरी असते. उंच झाडांवर सरसकट विषारी फवारणी करणे मात्र वस्तीत धोक्याचे आणि बहुधा निष्फळही. सालीवरच्या वाळवीच्या मातीला लोक उगाच घाबरतात. वाळवी सहसा मृत सालच खाते.

घाबरावे ते बुंध्याशी उगवणाऱ्या लाकडासारख्या कठीण, तपकिरी छत्रीला. ती गॅनोडर्मा बुरशीची असू शकते, आणि वरून हिरव्यागार दिसणाऱ्या गुलमोहराची मुळे त्या वेळी आतून कुजलेली असण्याचा संभव असतो. छत्री खरवडून टाकल्याने रोग जात नाही आणि खात्रीचे औषधही नाही. बुंध्यावर लाकडी हातोडीने ठोकून पोकळ आवाज येतो का, मातीत नवी भेग पडली आहे का, झाड अलीकडे कलले आहे का, हे पाहून जाणकारास बोलवावे. खाली शाळेची बस उभी राहत असेल तर ते झाड काढणेच योग्य ठरू शकते. झाडांवर प्रेम असणाऱ्यांनाही हे मान्य करावे लागेल.

उपचारांत पहिला मान कुदळीचा. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटर काँक्रीट हटवण्याचा आदेश दिला होता. ते किमान माप समजावे. फरशी हाताने उचलावी, यंत्राने नव्हे. दबलेली माती मुळे न दुखावता मोकळी करून त्यात कुजलेले शेणखत मिसळावे आणि वर पालापाचोळ्याचा दोन-तीन इंचांचा थर द्यावा. हा थर खोडाला टेकता कामा नये, नाहीतर साल कुजते.

छाटणीत फांदीच्या मुळाशी असलेला फुगीर कंगोरा राखून त्याच्या बाहेर काप घ्यावा. जखम त्या कंगोऱ्यातूनच भरून येते. अमेरिकी वनशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो खोडे चिरून दाखवले की झाड जखम बुजवत नाही, तर कुजलेला भाग आतल्या आत कोंडून टाकते. डांबर फासून कुज थांबत नाही. गेरू-चुन्याचे पट्टे तर निव्वळ शोभेचे! विजेच्या तारांसाठी शेंडाच उडवला तर त्या जागी फुटणारे धुमारे वरवर चिकटलेले असतात आणि पुढल्या वादळात तेच आधी मोडतात.

मोठी छाटणी वा तोड स्वतःच्या मर्जीने करता येत नाही. मध्य प्रदेशात नागरी क्षेत्रांसाठी २००१ चा वृक्ष परिरक्षण कायदा आहे, गोव्यात १९८४ चा.

इंदूरने १४ जुलै २०२४ रोजी रेवती रेंज टेकडीवर एका दिवसात ११ लाखांहून अधिक रोपे लावून विक्रम केला. भर उन्हाळ्यात विजय नगरच्या फुटपाथवर मिळणारी सावली मात्र जुन्या झाडांचीच असते, आणि त्यांची शुश्रूषा धीमी असते. फरशी काढल्यावर त्याच वर्षी फरक दिसेलच असे नाही. दरवर्षी एकाच फांदीवरील नव्या वाढीची लांबी मोजून टिपून ठेवावी. ती वाढू लागली, म्हणजे मुळे पुन्हा कामाला लागली.