सहा ठिपक्यांचा डॉन

पहिला पाऊस पडला की नांदेडहून माहूरकडे गाड्या निघतात. रेणुकामातेचं दर्शन, वाटेत सहस्रकुंडचा धबधबा, येताना ढाब्यावर जेवण. वीकेण्ड वसूल! यंदा एक हटके काम करा. किनवटच्या सागाच्या रानात कडेला गाडी थांबवा आणि दहा मिनिटं फक्त खाली बघा. पाचोळ्यातून अंगठ्याएवढा काळाकुळकुळीत किडा तरातरा पळताना दिसला आणि पाठीवर सहा पांढरे ठिपके असले, तर समजा भाईंची एण्ट्री झाली.

हा सहा ठिपक्यांचा भुंगेरा, शास्त्रीय नाव अँथिया सेक्सगुट्टाटा. दख्खनच्या कोरड्या रानांतला हा रहिवासी. फॅब्रिशियस या डॅनिश शास्त्रज्ञाने त्याची नोंद केली १७७५ मध्ये, म्हणजे पानिपत होऊन जेमतेम चौदा वर्षं झाली होती.

याचा धंदा एकच, शिकार. किडे, अळ्या, जबड्यात येईल ते. आणि कुणी छेड काढलीच तर मागून फॉर्मिक आम्लाची पिचकारी! मुंग्यांकडे असतं तेच हे आम्ल. डोळ्यात गेलं तर चांगलीच आग होते, तेव्हा मोबाइलवर फोटो काढायचाय तर जरा लांबून. ठिपके म्हणजे त्याची पाटीच आहे, 'नादी लागू नका'.

त्याच्या या दहशतीवर जगणारा एक डुप्लिकेटही आहे. सात ठिपक्यांचं एक रानझुरळ. पिचकारी नाही, काही नाही, नुसता गेटअप. परदेशात हे झुरळ लोक हौसेने पाळतात. (आपण घरातल्या झुरळावर स्प्रे मारतो ते वेगळं.)

पण या डॉनची एक गोची आहे. त्याला उडता येत नाही. पाठीवरची कवचं एकमेकांना जुळलेली, त्यामुळे सगळा कारभार पायी. बऱ्याच ठिकाणी उन्हाळ्यात मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. पाखरं उडून जातात. हा कुठे जाणार?

किनवटला निदान सलग रान तरी आहे. लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही. वडवळ नागनाथला औषधी वनस्पतींचं बेट आहे, छान आहे, नक्की जा. पण तशा एका तुकड्यातून दुसऱ्यात जायचं तर मध्ये फवारलेलं सोयाबीन, डांबरी रस्ता, नवे प्लॉटिंग आणि परत सोयाबीन. आपण बाइकवर तासाभरात जाऊ. त्याला चालत जायचंय.