शत्रू मागे राहिला, मग मागून आला

अमेरिकेच्या मिडवेस्ट भागात उन्हाळ्यात रस्त्याकडेचं तण उपटणाऱ्याच्या हातांवर कधीकधी एक-दोन दिवसांनी टरटरून फोड येतात. हात भाजलेला नसतो. त्याला लागलेला असतो रानटी पार्सनिपचा रस, आणि त्यावर पडलेलं असतं ऊन.

पार्सनिप ही गाजराची चुलत बहीण. युरोपातून गेलेल्या वसाहतवाल्यांनी ती भाजी म्हणून नेली आणि परसातून निसटून ती रानटी झाली. तिच्यातल्या विषाचं नाव फ्युरॅनोकुमॅरिन. नाव बोजड आहे, पण कुळ आपल्या ओळखीचं. कोडावर बावची लावून उन्हात बसायला सांगतात, त्या बावचीतलं सोरालेन याच कुळातलं. उन्हातले अतिनील किरण मिळाले की ही द्रव्यं पेशीतल्या डीएनएला जाऊन चिकटतात.

एवढं जहाल विष असूनही एक अळी या झाडावरच पोसते. पार्सनिपच्या फुलोऱ्याभोवती रेशमाचं जाळं विणून ती आत बसते आणि फुलं, कोवळं बी फस्त करते. तिच्या शरीरातली विकरं ते विष मोडून टाकतात. झाड अमेरिकेत पोचलं, अळी युरोपातच राहिली.

आता झाडाच्या बाजूने पाहू. विष तयार करायचं तर पदरचा कर्ब आणि ऊर्जा खर्ची पडते. चोरच येत नसेल तर पहारेकऱ्याला पगार कशाला? नव्या मुलखात शत्रू नसेल तर संरक्षणावर कमी खर्च करणारी, वाचलेलं वाढीला लावणारी रोपं पिढ्यान्‌पिढ्या वरचढ ठरतील, असा तर्क बर्न्ड ब्लॉसी आणि रोल्फ नोत्झोल्ड यांनी १९९५ मध्ये मांडला. पण शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या झाडात किती विष होतं, हे तपासणार कसं?

वाळलेल्या बियांत. जाड कागदावर चिकटवलेली रोपं आणि कोपऱ्यात चिठ्ठी: गाव, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. वनस्पती संग्रहालयांत असे कागद गठ्ठ्यांनी असतात. पार्सनिपचं बी चपटं असतं, त्यावर तेलनलिकांच्या तपकिरी रेघा दिसतात. बडीशेप, ओव्याचा वास ज्या नलिकांत असतो, त्याच या. पार्सनिपच्या बियांतलं विष वाळून गेल्यावरही मोजता येतं. इलिनॉय विद्यापीठातल्या आर्थर झँगर्ल आणि मे बेरेनबॉम यांनी १५२ वर्षांच्या काळात गोळा झालेले नमुने तपासले आणि निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध केले. अळी १८६९ च्या सुमारास चुकून अमेरिकेत पोचली होती. तिच्या आधीच्या अमेरिकी झाडांत विष कमी होतं, युरोपातल्या झाडांपेक्षाही कमी. अळी आल्यानंतरच्या झाडांत ते वाढलेलं.

वाचताना मला शंका आली होती, की ही मूळची भाजीच. माणसाने निवडून निवडून सौम्य केलेली असेल. असेलही. पण मग विष वाढायला नेमका अळीचाच मुहूर्त का लागावा?

न्यूझीलंडमध्ये हाच खेळ आज डोळ्यांदेखत चालू आहे. तिथे ही अळी २००४ मध्ये दिसली, आणि २००६ मध्ये काही ठिकाणी तिने पार्सनिपचं बी ७५ टक्क्यांपर्यंत घटवलं.

हे वाचल्यापासून आपलं गाजर गवत डोक्यातून जात नाही. गाजराशी त्याचं नातं फक्त पानांच्या आकारापुरतं. कुळ सूर्यफुलाचं, विष पार्थेनिन. १९५० च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि पुढे ते देशभर पसरलं. १९८३ मध्ये त्याचा शत्रू, झायगोग्रामा नावाचा भुंगा, मुद्दाम मेक्सिकोहून बंगळूरला आणला आणि पुढच्या वर्षी शेतात सोडला. पावसाळ्यात पाहा, काही ठिकाणी गाजर गवताच्या पानांच्या नुसत्या शिरा उरलेल्या असतात. शेजारचंच एखादं रोप मात्र तरारलेलं. भुंगा त्याच्यापर्यंत अजून पोचला नसेल. किंवा चाखून परतला असेल.