रस्त्याकडेचे टोपले

चिखली हे बुलढाणा जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. बुलढाणा, मेहकर, खामगाव, जालना, इकडचे रस्ते येथे मिळतात. आसपासच्या खेड्यांतून मेथी, सांभार, वांगी येतात. बाई टोपले उतरवते, रस्त्याच्या कडेला बसते. मजूर संध्याकाळी मजुरी घेऊन निघतो. वाटेतच थोडी भाजी घेतो आणि घरी जातो. एका टोपल्यावर दोन घरांची चूल पेटते. एक विकणारीची, एक घेणाऱ्याची.

गाव वाढले की जागेचा भाव वाढतो. पक्की दुकाने होतात. मग टोपल्याची अडचण वाटू लागते. मुंबईत काय झाले पाहा. 1982 साली गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. पुढे एकेक गिरणी बंद पडली. त्या जागांवर उंच इमारती आणि महागडी दुकाने आली. कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळी ओस पडल्या. गरिबाचे स्वस्त जेवण गेले.

मग काय, रस्ता अडवून बसायचे? तसे नाही. रस्ता चालणाऱ्याचाही आहे. दोघांची सोय व्हावी म्हणून 2014 साली देशात पथविक्रेता कायदा झाला. तो शहरांना लागू आहे. तो काय सांगतो?

पथविक्रेता समितीने विक्रेत्यांची पाहणी करून प्रमाणपत्र द्यावे. पाहणी होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कुणाला उठवू नये. जागा ठरवताना नगरपरिषदेने या समितीचा सल्ला घ्यावा. समितीत शंभरात निदान 40 जण विक्रेते असावेत. त्यांत तिसरा हिस्सा बायांचा असावा.

जागेवरून हलवायचे तर 30 दिवस आधी नोटीस द्यावी. माल जप्त केला तर सही करून यादी द्यावी. भाजी, फळे नासतात. म्हणून मागणी केली त्याच दिवशी ती परत द्यावी. त्यासाठी ठरलेली फी भरावी लागते.

विकणाऱ्यावरही बंधने आहेत. वय 14 वर्षे पुरे हवे. पोटाला दुसरा धंदा नाही, असे लिहून द्यावे लागते. धंदा आपण किंवा घरच्या माणसाने करावा. प्रमाणपत्र दुसऱ्याला विकू नये. जागा स्वच्छ ठेवावी.

भावांनो, बहिणींनो, बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात काय कामाचा? पाहणी होईल तेव्हा हजर राहा, नाव लिहवून घ्या. नोटीस आली तर तारीख वाचा. माल नेला तर यादी मागा. आता आपल्याला वाचता येते. त्याचा उपयोग करा.