वारंवार उठणारी रांजणवाडी

पापणीवर एकाच जागी रांजणवाडी पुन्हा पुन्हा उठते, शेकून, मलम लावूनही जात नाही आणि तिथले केस झडू लागतात. साठीच्या माणसाने अशा वेळी अजिबात थांबू नये. पापणीतल्या तेलग्रंथींचा कर्करोग असाच दिसतो. पाश्चात्त्य देशांत तो दुर्मीळ. भारतात पापणीच्या कर्करोगांत त्याचा वाटा बराच मोठा. गाठ काढली की तुकडा तपासायलाच हवा. त्यासाठी खान्देशातून थेट मुंबई गाठायची गरज नाही. धुळे आणि जळगाव, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

रोग्याला आणखी एक विचारावे: घरात कुणाला आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग झाला होता का? १९६७ मध्ये ब्रिटनचे म्यूर आणि १९६८ मध्ये अमेरिकेचे टोर यांनी तेलग्रंथींच्या गाठी आणि पोटातले कर्करोग एकाच माणसात आढळल्याचे नोंदवले. डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका दुरुस्त करणारे जनुक, बहुधा एमएसएच-२, जन्मतःच सदोष असले की असे घडते. पापणीवरच्या बहुतेक गाठींमागे हा दोष नसतो. गाठ पाठीवर, छातीवर असेल तर संशय बळावतो. दोष सापडला तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी. दोष उतरलेल्या मुलांची ठरावीक काळाने कोलोनोस्कोपी केली, तर आतड्यातली गाठ कर्करोग होण्याआधीच काढता येते.