घुबडांची गणती आणि नोंदवहीचे इमान

रत्नागिरी जिल्ह्यात पावसाळा ओसरला, भातकापणी उरकली आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या पाणंदी चालण्याजोग्या कोरड्या झाल्या, म्हणजे रानातील पशुपक्ष्यांच्या गणतीचा हंगाम सुरू होतो. तो वैशाखाच्या अखेरीस वळवाच्या सरी कोसळू लागेपर्यंत चालतो. या अवधीत हाताखाली थोडे तरुण घेऊन रात्रीबेरात्री रान तुडवणाऱ्या पथकप्रमुखाचे काम काय, असे विचारले तर बहुतेक जण सांगतील, की पक्षी शोधून काढणे. परंतु पक्षी शोधणारे डोळे आणि कान पथकात पुष्कळ असतात. नोंदवहीत एकही खोटे अक्षर पडणार नाही, याची जामिनकी मात्र एकट्या प्रमुखाची असते, आणि हेच त्याचे मुख्य कर्तव्य होय, असे माझे मत आहे.

घुबडांची गणती डोळ्यांपेक्षा कानांनीच अधिक होते. दिवसा वाट पाहून ठेवून तिच्यावर ठराविक अंतरावर थांबे निश्चित करावयाचे; हे अंतर असे, की एका थांब्यावर ऐकू आलेला पक्षी पुढच्या थांब्यावर पुन्हा मोजला जाऊ नये. रात्री प्रत्येक थांब्यावर विजेऱ्या मालवून, बोलणे बंद करून, घड्याळ लावून काही मिनिटे नुसते ऐकावयाचे. हाक आली, तर ती कोणाची, किती वाजता, होकायंत्राप्रमाणे कोणत्या दिशेने आणि अंदाजे किती अंतरावरून, हे तेथल्या तेथे टिपावयाचे. शिवाय वारा, ढग, चंद्र आणि जवळच्या ओढ्याचा खळखळाट यांचाही उल्लेख करावयाचा, कारण पऱ्ह्याच्या काठी मत्स्य घुबडाचा खोल घुमणारा स्वर पाण्याच्या आवाजात बुडून जाऊ शकतो. दोन जागी उभ्या असलेल्या दोघांनी एकाच क्षणी दिशा टिपल्या, तर नकाशावर त्या रेषा जेथे मिळतात तेथे पक्षी बसला आहे, असे समजता येते. काही गणत्यांत ध्वनिमुद्रित हाक वाजवून उत्तराची प्रतीक्षा करतात. हे साधन जपून वापरावे लागते. आपल्या हद्दीत प्रतिस्पर्धी शिरला, अशा समजुतीने पक्षी पिलांना टाकून धावून येतो, म्हणून उत्तर मिळताच ती हाक बंद करणारा प्रमुखच त्या पदाला योग्य. उजाडल्यावर ढोलीच्या झाडांखाली घुबडांनी ओकून टाकलेल्या गोळ्या गोळा करतात. त्यांतील हाडे, केस आणि कीटकांचे अवशेष यांवरून पक्ष्याच्या आहाराची खात्रीलायक हकिगत कळते. त्याच फेरीत साळिंदराचा काटा, उदमांजराची विष्ठा, भेकराचे खूर, खवले मांजराने उकरलेले वारूळ, हेही वहीत उतरते.

पथक हंगामापुरते असते, आणि त्याची जुळणी हीच एक विद्या आहे. प्राणिशास्त्र शिकलेल्या विद्यार्थ्याला पक्ष्यांची शास्त्रीय नावे मुखोद्गत असतात, परंतु अंधारात दोन स्वरांतील भेद त्याला लवकर उमगत नाही. उलट त्याच रानात गुरे राखलेल्या माणसाला कोणत्या बेहड्याला ढोली आहे आणि तीत कोण राहते, हे ठाऊक असते, पण कागदाशी त्याचा संबंध थोडा. या दोघांची जोडी लावावी, आणि कान गुराख्याचा असेल तेथे नोंदीत श्रेयही गुराख्याच्या नावावर टाकावे.

नोंदीच्या खरेपणाला मी इतके महत्त्व का देतो, याचे कारण इतिहासात आहे. पुढे 1885 साली राष्ट्रसभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे पक्षिशास्त्राचे ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचे नियतकालिक चालवीत. मुलकी सेवेतील जी. डब्ल्यू. विडाल या अधिकाऱ्याने दक्षिण कोकणातील पक्ष्यांची पहिली यादी 1880 साली याच नियतकालिकात प्रसिद्ध केली. रत्नागिरीच्या पक्ष्यांविषयी आज कोणी काही लिहू पाहील, तर त्याला त्या यादीपाशी जावेच लागते. त्याच नियतकालिकात 1873 साली ह्यूम यांनी एका छोट्या घुबडाचे वर्णन केले होते. ब्लेविट या गृहस्थाने आदल्या वर्षी आजच्या छत्तीसगडच्या मुलखातून तो पक्षी मिळवला होता, म्हणून पक्ष्याचे शास्त्रीय नाव ब्लेविटवरून पडले. मराठीत त्याला आपण रानपिंगळा म्हणतो. 1884 सालापर्यंत याचे अवघे सात नमुने जमले. त्यांतील काही जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने आपल्या खानदेशातून धाडले होते. त्यानंतर तो पक्षी जणू नाहीसाच झाला.

मधल्या काळात त्याची एकच नोंद होती. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहातील नमुन्यावर 1914 साल आणि तापीकाठचे मांडवी हे गुजरातेतील गाव लिहिलेले होते, आणि एवढ्या प्रतिष्ठित माणसाच्या चिठ्ठीवर अविश्वास कोण दाखवणार? सलीम अली आणि डिलन रिपले यांच्यासारख्या जाणत्यांनी रानपिंगळ्याचा शोध घेतला, पण हाती काही लागले नाही. पुढे पामेला रासमुसेन यांनी त्या नमुन्याची बारकाईने तपासणी केली, तेव्हा असे उघडकीस आले, की तो मुळात डेव्हिडसनने मिळवलेला पक्षी होता. संग्रहालयातून चोरून, नव्याने भरून, त्याला बनावट चिठ्ठी अडकवण्यात आली होती. ती चिठ्ठी बाजूस सारून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी जुन्या, प्रामाणिक नोंदींच्या स्थळांचा मागोवा घेतला. प्रथम पूर्वेकडील राने पाहून झाली. मग ते खानदेशात उतरले, आणि 25 नोव्हेंबर 1997 रोजी, शहाद्याजवळच्या रानात, सकाळच्या उन्हात एका निष्पर्ण झाडावर बसलेला रानपिंगळा किंग यांना दिसला. 113 वर्षांनी! घुबड म्हणून त्याला रात्री हुडकणाऱ्याच्या वाट्याला निराशा येण्याचा संभव अधिक, कारण हा पक्षी बहुतांशी दिवसा वावरतो. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तोरणमाळच्या परिसरात त्याच्या हाका, घरटी आणि आहार यांचा अभ्यास केला. 2014 साली सुनील लाड यांना तो तानसा अभयारण्यात, म्हणजे उत्तर कोकणातच, आढळला. शोधाचे क्षेत्र वाढले तशी ज्ञात संख्याही वाढली, आणि 2018 साली आंतरराष्ट्रीय यादीत त्याचे स्थान अतिसंकटग्रस्ताऐवजी संकटग्रस्त असे झाले.

एका खोट्या ओळीने पिढ्यान्‌पिढ्यांचे शोध आडवाटेला जाऊ शकतात, हे ज्याच्या मनावर ठसले, तो प्रमुख आपल्या माणसांना पहिल्याच दिवशी बजावतो, की ‘काही ऐकू आले नाही’ ही लाजिरवाणी नोंद नव्हे. थकलेला, नवखा, उत्साही तरुण रिकामा रकाना सहन करू शकत नाही. दूरच्या बेडकाला तो पिंगळा ठरवतो, आणि त्यात लबाडीपेक्षा प्रमुखाला खूश करण्याची इच्छाच अधिक असते. म्हणून प्रमुखाने रिकाम्या रकान्याचे मोल समजावून सांगितले पाहिजे. पक्षी असूनही तो त्या रात्री बोलला नाही, असे वारंवार घडते. त्यामुळे एकाच थांब्यावर हंगामात पुनःपुन्हा जाऊन, किती फेऱ्यांत हाक आली आणि किती फेऱ्यांत आली नाही, यांवरून पक्षी असूनही निसटण्याची शक्यता गणिताने काढतात. या हिशेबात मौनाच्या रात्री हाकेच्या रात्रींइतक्याच लागतात. अमेरिकेच्या वायव्येकडील जुनाट अरण्यांत ठिपकेदार घुबडांची गणती एरिक फोर्समन यांच्यासारख्या अभ्यासकांनी दशकानुदशके चालवली, तेथे हंगामी पथके दर वर्षी नेमली जात. पूर्वेकडून बलिष्ठ पट्टेरी घुबड त्या रानांत शिरले, तेव्हा ठिपकेदार घुबडे पूर्वीसारखी उत्तरे देईनाशी झाली. म्हणजे संख्या किती घटली आणि मौन किती वाढले, हे वेगळे काढण्यास आधीच्या रिकाम्या रकान्यांची बूज राखलेली असणे अत्यावश्यक ठरले.

आपल्या जिल्ह्याची अडचण निराळी आहे. येथील रान बहुतांशी खाजगी मालकीचे. वनखात्याचा परवाना खिशात असला, तरी बागायतदाराची, आणि देवराई असेल तेथे गावकऱ्यांची व मानकऱ्यांची संमती घेतल्याविना पाऊल टाकणे गैर. सातवीण, किंजळ, बेहडा यांचे जुने वृक्ष देवाच्या धाकाने जेथे टिकले, तेथेच ढोल्या टिकल्या. तथापि त्याच गावात घुबडाचे ओरडणे अशुभ मानणारी घरे असतात, आणि जादूटोण्यासाठी हा पक्षी पकडणाऱ्यांची वर्दळ दिवाळीच्या सुमारास वाढते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, तरीही. यास्तव घरट्याचे नेमके ठिकाण पथकाबाहेर जाता कामा नये. छायाचित्र दाखवण्याचा मोह आवरता न येणाऱ्यास पथकात ठेवू नये, इतके मी स्पष्टच म्हणेन. शिवाय कातळसड्यांवर फुरसे आहे. ते आकाराने लहान, पण दंश प्राणघातक. घोट्यावर येणारे बूट, प्रत्येकाच्या हाती विजेरी आणि प्रतिविष असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते याची माहिती, एवढे नसेल तर त्या रात्री फेरी रद्द करावी.

नजर मोकळी ठेवणाऱ्या पथकाला काय गवसते, याचे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्रगरुडांच्या पाहणीसाठी किनारा धुंडाळीत असता, 2002 साली मंडणगड तालुक्यातील वेळासच्या वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. गरुडांच्या तक्त्यात कासवाला रकाना नव्हता. त्यांनी तरीही चौकशी केली, आणि त्यातून ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे रक्षण सुरू झाले. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत गावातीलच माणसे पहाटे किनारा चालतात, अंडी कुंपणात हलवतात, पिले निघाली की समुद्रात सोडतात, आणि प्रत्येक घरट्याची तारीख लिहून ठेवतात. वेळास हे नाना फडणीसांचे मूळ गाव. पेशवाईचे दप्तर सांभाळणाऱ्या पुरुषाच्या गावी हे घडावे, याचा मला विशेष आनंद वाटतो.

घुबडांच्या गणतीची कागदपत्रेही अशीच गावात राहिली पाहिजेत. 2002 च्या जैवविविधता कायद्यान्वये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या जैवविविधता समित्यांनी लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची आहे. हंगाम संपताच पथकप्रमुखाने आपल्या वहीचा उतारा, घरट्यांची ठिकाणे वगळून, परंतु रिकाम्या रात्रींसह, तिच्यात समाविष्ट करण्यासाठी समितीच्या स्वाधीन करावा. त्यावर हाक ओळखणाऱ्याचे नाव असावे, थांब्यांचा नकाशा जोडलेला असावा, आणि पुढच्या वर्षी येणाऱ्या पथकाने आपली पहिली फेरी त्याच थांब्यांवरून सुरू करावी.