दोन कार्ब्युरेटर, एक पेडल: जुन्या अल्फा रोमिओचं थ्रॉटल लिंकेज कसं जुळवतात?

आजच्या गाड्यांमध्ये पेट्रोल किती सोडायचं हे कॉम्प्युटर ठरवतो. पण १९५० ते ७० च्या दशकांतल्या इटालियन गाड्यांचं बॉनेट उघडलं, तर काहींमध्ये इंजिनाच्या एका बाजूला आडवे बसवलेले दोन कार्ब्युरेटर दिसतात. त्यांत सगळ्यात प्रसिद्ध जोडी म्हणजे अल्फा रोमिओच्या ट्विन-कॅम इंजिनावरचे दोन 'वेबर ४० डीसीओई'.

अमेरिकेत विकल्या गेलेल्या अल्फांची गोष्ट जरा वेगळी. तिथल्या प्रदूषणाच्या नियमांमुळे १९६९ पासून त्या गाड्यांवर 'स्पिका' कंपनीचं मेकॅनिकल फ्युएल इंजेक्शन यायला लागलं. ते बिघडलं की दुरुस्त करणारा माणूस मिळणं अवघड. म्हणून पुढे अनेक मालकांनी ते काढून युरोपातल्या गाड्यांसारखे दोन वेबर बसवले. कार्ब्युरेटर मॅनिफोल्डवर बसवून बोल्ट आवळणं तसं सोपं आहे. अडचण त्यानंतर सुरू होते. गाडी आयडलला थरथरते, सिग्नलवरून निघताना अडखळते, आणि मग लोक जेट बदलत बसतात. बऱ्याचदा दोष जेटमध्ये नसतो, तर दोन कार्ब्युरेटर एकत्र उघडणाऱ्या दांड्यांमध्ये, म्हणजे लिंकेजमध्ये असतो.

दोन कार्ब्युरेटर कशासाठी?

आपल्याकडच्या प्रीमियर पद्मिनीला, म्हणजे मूळच्या फिएट ११०० ला, चार सिलिंडरसाठी एकच कार्ब्युरेटर होता. हवा-पेट्रोलचं मिश्रण तिथून मॅनिफोल्डच्या वळणांमधून चारही सिलिंडरकडे जातं. प्रत्येकाचं अंतर सारखं नाही. वाटेत थोडं पेट्रोल नळीच्या भिंतीला चिकटतं. परिणामी सगळ्यांना अगदी सारखं मिश्रण मिळत नाही. रोजच्या वापराला हे चालतं, पण जास्त आरपीएमवर ताकद हवी असेल तर ही वाट अपुरी पडते.

एदोआर्दो वेबर यांनी १९२३ साली बोलोन्यात सुरू केलेल्या कंपनीचा डीसीओई हा आडवा, दोन नळ्यांचा कार्ब्युरेटर. नावातला 'डी' म्हणजे दुहेरी, 'सी' म्हणजे नळी आणि 'ओ' म्हणजे आडवा. ४० हा आकडा थ्रॉटलच्या जागी नळीचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. असे दोन बसवले की चार नळ्या झाल्या, प्रत्येक सिलिंडरला स्वतःची एक, आणि तीही जवळजवळ सरळ रेषेत.

अल्फाने १९५६ च्या जुलिएत्ता स्प्रिंट वेलोचे या गाडीत दोन वेबर वापरले. सुरुवातीच्या साध्या स्प्रिंटची ताकद ६५ हॉर्सपॉवर होती, वेलोचेची ९०. मात्र हा सगळा फरक कार्ब्युरेटरचा समजू नका. वेलोचेमध्ये कॅमशाफ्ट आणि कॉम्प्रेशनही बदललं होतं.

गडबड कुठे होते?

एका डीसीओईच्या दोन्ही नळ्यांतल्या थ्रॉटलच्या चकत्या एकाच दांडीवर बसतात. दांडी पिळलेली नसेल तर त्या आपोआप एकत्र उघडतात. पुढचा कार्ब्युरेटर १ आणि २ नंबरच्या सिलिंडरला, मागचा ३ आणि ४ ला. या दोन दांड्यांना बांधणारी गोष्ट एकच, मधली लिव्हर आणि तिचा बॅलन्स स्क्रू.

आता जरा हिशोब करू. पूर्ण रेस दिल्यावर चकत्या जवळजवळ आडव्या होतात. तेव्हा एक चकती एखाद-दुसऱ्या डिग्रीने मागे राहिली तरी फरक जाणवत नाही. पण आयडलला चकती जेमतेम उघडलेली असते. तिथे एक चकती एक डिग्री आणि दुसरी दोन डिग्री उघडली, तर दुसरीची फट साधारण दुप्पट होते! म्हणजे दोन सिलिंडर इंजिन ओढतायत आणि उरलेले दोन नुसते फरफटत जातायत. म्हणूनच शंभरच्या स्पीडला मस्त पळणारी गाडी सिग्नलला मात्र डुगडुगते.

राजदूत ३५० चालवलेल्यांना हे लगेच कळेल. त्या बाइकलाही दोन कार्ब्युरेटर होते. केबल नीट जुळलेल्या नसल्या की एक सिलिंडर पुढे आणि दुसरा मागे.

यात आणखी एक खोच आहे. चकतीच्या कडेजवळ नळीत बारीक भोकं असतात, त्यांना प्रोग्रेशन होल म्हणतात. पेडल हळूच दाबलं की चकतीची कड या भोकांवरून सरकते आणि मुख्य जेट सुरू होईपर्यंतचं पेट्रोल तिथून मिळतं. थरथर थांबवण्यासाठी कुणी आयडल स्क्रू आवळत गेलं, तर ही भोकं आधीच उघडी पडतात. मग पेडल दाबल्यावर द्यायला काही शिल्लक राहत नाही आणि गाडी क्षणभर मरते. इथेच लोक चुकीचा निष्कर्ष काढून मोठे जेट टाकतात.

बसवण्याआधी

- इंजिन तपासा. व्हॉल्व्हचं क्लिअरन्स, कॉम्प्रेशन, प्लग आणि इग्निशन टायमिंग आधी ठीक करा. एक सिलिंडर मुळातच कमजोर असेल तर कार्ब्युरेटर कितीही जुळवा, इंजिन एकसारखं चालणार नाही.
- रबरी माउंट बघा. अल्फामध्ये कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये रबर आणि धातूचे माउंट असतात. जुनं रबर तडकतं, तिथून फुकटची हवा आत जाते आणि त्या बाजूचं मिश्रण पातळ होतं. कार्ब्युरेटरचं वजन पेलणारा खालचा आधारही लावायलाच हवा, नाहीतर नवं रबरही लवकर फाटतं.
- पेट्रोलचा दाब कमी ठेवा. वेबरला साधारण २.५ ते ३.५ पीएसआय पुरतो. इंजेक्शनसाठी असलेला पंप तसाच ठेवला तर फ्लोटची सुई दाब रोखू शकत नाही आणि पेट्रोल बाहेर सांडतं. गरम इंजिनाशेजारी सांडलेलं पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण. कमी दाबाचा पंप लावा, गरज असेल तर रेग्युलेटरही.

लिंकेज: आधी सुरक्षितता

या पिढीच्या बहुतेक अल्फांमध्ये पेडलपासून कार्ब्युरेटरपर्यंत केबलऐवजी दांडे आणि बॉल जॉइंट असतात. इंजिन रबरी फाउंडेशनवर हलतं आणि बॉडी जागेवर राहते. त्यामुळे प्रत्येक जॉइंट सैलसर फिरला पाहिजे, पण त्यात खुळखुळाट नको. झिजलेले बॉल जॉइंट असतील तर पुढचं ट्यूनिंग विसरा. आज जुळवलेलं उद्या बदललेलं असेल.

मुख्य धोका कोनाचा. दांडा आणि लिव्हर अर्ध्या प्रवासात साधारण काटकोनात असावेत. पूर्ण पेडल दाबल्यावर ते एका सरळ रेषेत आले, तर लिव्हर पलटी मारून तिथेच अडकू शकते. म्हणजे पाय उचलला तरी इंजिन पूर्ण रेसमध्येच! म्हणून इंजिन बंद असताना एकाने पेडल तळापर्यंत दाबायचं आणि दुसऱ्याने बॉनेटखाली बघायचं. चकत्या पूर्ण आडव्या होतात का? सोडल्यावर झटकन मिटतात का? दांडा होजला किंवा वायरला घासत नाही ना?

पेडलखाली स्टॉप लावा, म्हणजे पायाचा जोर कार्ब्युरेटरच्या दांडीवर येणार नाही. दांडी पिळली जाते ती बहुधा अशाच जोराने. परतीची स्प्रिंगही एकावर भागवू नका, दोन ठेवा. एक तुटली तरी दुसरी थ्रॉटल मिटवेल.

जुळवणी, पायरीपायरीने

१. इंजिन चांगलं गरम करा, एअर फिल्टर काढा आणि पेडलकडून येणारा दांडा सोडवा.

२. आयडल स्क्रू आणि बॅलन्स स्क्रू सैल करून सगळ्या चकत्या पूर्ण मिटू द्या. मग इंजिन चालू राहील इतपतच आवळा.

३. सिंक्रोमीटर नावाचं छोटं यंत्र प्रत्येक नळीच्या तोंडावर धरा. आत जाणारी हवा ते किलो प्रतितास या मापात दाखवतं. बॅलन्स स्क्रू फिरवून पुढच्या आणि मागच्या कार्ब्युरेटरचा आकडा सारखा करा.

४. आता चारही मिश्रणाचे स्क्रू एकेक करून लावा. आत फिरवत न्या, इंजिन मंदावलं की थांबा, मग आरपीएम सगळ्यात जास्त आणि आवाज एकसारखा होईपर्यंत बाहेर आणा. आयडल वाढलं तर आयडल स्क्रूने कमी करा.

५. दांडा परत जोडा. जोडल्यावर आयडल बदललं तर दांड्याची लांबी चुकली आहे, तो थ्रॉटलला ओढून धरतोय. लांबी बदला, स्क्रूंना हात लावू नका.

६. दांड्यानेच रेस १,५०० ते २,००० आरपीएमवर धरून सिंक्रोमीटर पुन्हा लावा. ही पायरी बरेच जण गाळतात. आयडलला आकडे सारखे आणि इथे वेगळे आले, तर मधल्या लिव्हरमध्ये ढिलेपणा आहे.

मग जेटचं काय?

हे सगळं जुळल्यावरच जेटकडे वळा. सुरुवातीसाठी एक ढोबळ नियम आहे, व्हेंचुरीचा व्यास गुणिले चार. ३० मिमी व्हेंचुरी असेल तर मुख्य जेट १२०, म्हणजे १.२० मिमीचं भोक. पुढचं काम रस्त्यावर गाडी चालवून आणि प्लगचा रंग बघून होतं. कार्ब्युरेटरमधून फटफट आवाज येत असेल तर मिश्रण पातळ आहे. प्लग काळेकुट्ट आणि एक्झॉस्टला पेट्रोलचा वास असेल तर जाड. लक्षण एकाच जोडीच्या, म्हणजे १-२ किंवा ३-४ च्या, प्लगवर दिसलं तर जेटचा डबा बंद करा आणि आधी सिंक, रबरी माउंट आणि त्या कार्ब्युरेटरचा फ्लोट तपासा.

चारही सिलिंडरवर सारखं दिसतं तो दोष जेटचा असू शकतो. दोनांवरच दिसतो तो बहुधा जेटचा नसतो. हे ध्यानात ठेवलं तर निम्मा खर्च आणि अनेक रविवार वाचतील.